तीन महिन्यांची आजी

श्टिपच्या शिवणकारखान्यात ट्रायांकानं उभं आयुष्य शर्टांना कॉलर लावण्यात काढलं. शर्ट जर्मनीला जायचे. ट्रक भरला की मागच्या दाराला सील लागायचं आणि तो चार सरहद्दी ओलांडून निघून जायचा. "शर्टाला कुणी विचारत नाही, परत कधी जाणार म्हणून," असं मशीनवरच्या बाया आपसांत म्हणायच्या आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागायच्या.

ट्रायांकानं स्वतः जर्मनी पाहिली ती साठीला टेकल्यावर, नात झाली तेव्हा. मुलगी फ्रोसिना औग्सबर्गला इस्पितळात नर्स, जावई दिने घराघरांत गरम पाण्याचे पाईप बसवणाऱ्या कंपनीत. मॅसिडोनियाच्या माणसाला व्हिसाशिवाय तिकडं तीन महिने राहता येतं. मग तीन महिने बाहेर काढायचे, की पुन्हा तीन महिने. आपला देश युरोपच्या संघात असता तर हा हिशेब नसता. आणि देश संघात जाणार, असं ट्रायांका तिची फ्रोसिना शाळेत होती तेव्हापासून ऐकत आली होती.

त्यासाठी आधी देशाचं नाव बदलावं लागलं. शेजारच्या ग्रीसची तशी अट होती. मतदान झालं त्या दिवशी ट्रायांकाचा नवरा व्हान्चे हट्टानं घरी बसून राहिला, आणि ती शेजारणीबरोबर जाऊन 'हो' म्हणून मत देऊन आली. "नाव काय, वाटेल ते ठेवा," ती म्हणाली. "दार उघडलं म्हणजे झालं." 'मॅसिडोनिया'चा 'उत्तर मॅसिडोनिया' झाला. दार काही उघडलं नाही. आधी फ्रान्सनं थांबवलं, मग बल्गेरियानं. बल्गेरियाचं म्हणणं इतिहासाबद्दल होतं, भाषेबद्दल होतं, मग राज्यघटनेत अमुक शब्द घाला असं होतं. व्हान्चे जाईपर्यंत तिला हिणवत राहिला. टीव्हीवर बातम्या लागल्या की आतून ओरडायचा, "ट्रायांके, उठ गं, बॅग भर! घेतायत आपल्याला!"

तर फ्रोसिनाची रजा संपली तेव्हा याना वर्षाची झाली होती. पाळणाघरात जागा मिळणार होती पुढच्या शरद ऋतूत. मधले महिने कोण सांभाळणार? दोन्ही घरांनी एकच उत्तर काढलं, आणि ते काढायला कुणाला विचारही करावा लागला नाही: आज्या. तीन महिने दिनेची आई, तीन महिने फ्रोसिनाची. एक उतरली की दुसरी चढेल. श्टिपच्या प्रत्येक गल्लीत अशी एखादी आजी आहेच, त्यामुळे त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

पहिली पाळी दिनेच्या आईनं, झागोर्कानं घेतली. रादोविशच्या टपालकचेरीत खिडकीवर बसून निवृत्त झालेली बाई. अजूनही समोरच्याकडं काचेतून बघितल्यासारखी बघायची. थंडी सुरू होताना ती गेली. फेब्रुवारीच्या मध्यावर ट्रायांकानं जायचं ठरलं होतं.

ट्रायांकाचा पासपोर्ट जुना होता, म्हणजे देशाच्या जुन्या नावाचा. तो बदलून घ्या, जुन्या नावाचे फेब्रुवारीत रद्द होणार, हे टीव्हीवर रोज सांगत होते. गल्लीतले लोक पोलीस कचेरीपुढं पहाटेपासून रांग लावत होते. ट्रायांका बातम्या एकही चुकवायची नाही, तिला हे माहीत नव्हतं असं नव्हे. पण मुदत वाढवणार, असंही त्याच टीव्हीवर बोललं जात होतं. आणि तिनं आजवर पाहिलेली एकही तारीख आपल्या जागी राहिली नव्हती. अमुक साली वाटाघाटी सुरू, तमुक साली प्रवेश. प्रत्येक तारीख जवळ आली की पुढं सरकली. मग हीच तेवढी कशी सरकणार नाही? ती निवांत राहिली. भाजलेल्या लाल मिरच्यांचं आय्वार बरण्यांतून भरलं, नातीसाठी लोकरीचे मोजे विणले आणि ठरल्या दिवशी बसमध्ये बसली.

सर्बियाच्या सरहद्दीवर बस थांबली. पोलिसातली एक तरुण मुलगी आत येऊन पासपोर्ट गोळा करत होती. तिनं ट्रायांकाचा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"मावशी, हा चालत नाही."

"का चालत नाही? मागल्या वेळी चालला की."

"मागल्या वेळी चालत होता. सोमवारी बंद झाला."

"अगं, त्यावर तारीख बघ. अजून तीन वर्षं आहेत."

"तारीख आहे, मावशी," मुलगी म्हणाली. "देश नाहीये."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पोरगी वाईट नव्हती. ओळखपत्रावर सर्बियापर्यंत सोडते, म्हणाली.

"सर्बियात जाऊन काय करू? माझी नात जर्मनीत आहे."

"जा मावशी, जा," मागचा माणूस म्हणाला. "तेही आपल्यासारखेच दाराबाहेर उभे आहेत. सोबत होईल तुम्हाला."

ट्रायांका उतरली. बरण्यांची पिशवी ड्रायव्हरच्या हवाली केली, औग्सबर्गच्या थांब्यावर जावई येईल म्हणून सांगितलं. आय्वार पुढं गेलं आणि ती कुमानोवोच्या एका व्हॅनमध्ये, कुणाच्या तरी टायरांशेजारी बसून परत आली.

फोनवर फ्रोसिनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू दिवसभर बातम्या बघतेस ना?"

"बघते म्हणूनच तर," ट्रायांका म्हणाली.

नवा पासपोर्ट हाती यायला महिना गेला. तेवढा वेळ झागोर्का तिकडं अडकून पडली. तिचे तीन महिने कधीच संपले होते. पण फ्रोसिनाच्या पाळ्या लागलेल्या, दिनेचं काम गावोगावचं, मूल कुणाच्या भरवशावर टाकणार? ती राहिली.

ट्रायांका औग्सबर्गच्या घरात शिरली तेव्हा झागोर्का कोट घालूनच स्वयंपाकघरात बसली होती. याना तिच्या मांडीवर चमचा चोखत होती.

"या विहीणबाई," झागोर्का म्हणाली. "मला वाटलं, देश संघात गेल्यावरच येता की काय."

"माझं चुकलं."

"चुकलं काय, सगळ्या जगाला ठाऊक होतं. आमच्या रादोविशच्या म्हशींनीसुद्धा पासपोर्ट बदलून घेतले." तिनं यानाचं तोंड पुसलं. "तरी मी म्हणत होते, तो बल्गेरियाचा करून घ्या. आमच्या शेजारच्यानं घेतला. आजोबा बल्गेरियन होते असं लिहून दिलं की मिळतो. आता तो सहा-सहा महिने इटलीत असतो, कुणी हूं की चूं करत नाही."

"देशाचं नाव बदललं, विहीणबाई. आता आजोबाही बदलू?"

"आजोबांना काय कळतंय? ते कधीचे गेले."

"मला कळतंय ना."

झागोर्कानं खांदे उडवले. "आणि तोही काही उद्या मिळत नाही म्हणा. शेजारी चार वर्षं थांबला होता. सगळीकडं थांबायचंच." मग नातीला तिच्या हातात दिलं. "झोपताना डाव्या कुशीवर ठेवा. उजव्या कुशीवर रडते. लापशीत मीठ नको."

दाराशी दिने मोटारीच्या किल्ल्या वाजवत उभा होता. झागोर्का गेली. दुसऱ्या दिवशी फोन आला. हंगेरीच्या सरहद्दीवर तिला उतरवून घेतलं होतं. मुदतीबाहेर राहिली म्हणून वर्षभर युरोपात पाऊल ठेवायचं नाही.

"बाजूच्या खोलीत बसवलं मला," झागोर्का सांगत होती. आवाजात ती नेहमीची काच नव्हती. "खुर्चीवर, भिंतीशी. शेजारी एक सिगारेटी चोरून नेणारा. तो मला विचारतो, आजी, तू काय नेत होतीस? काय सांगू त्याला? नातीचं शी-शू काढत होते म्हणून?"

ट्रायांका ऐकत राहिली. माझं चुकलं, हे एकदा म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर ते कमीच वाटलं असतं.

आता उघड होतं ते असं: जूनमध्ये ट्रायांकाचे तीन महिने संपणार. पुढची पाळी झागोर्काची, आणि झागोर्काला बंदी. पाळणाघर सप्टेंबरात. उन्हाळ्याचे तीन महिने यानाला कोणी नव्हतं.

त्या वसंतात ट्रायांका रोज नातीला घेऊन बागेत जायची. तिथल्या बाकावर तिला श्टेफित्सा भेटली, क्रोएशियाची, तीही आजीच. दोघी एकाच देशात, युगोस्लाव्हियात, जन्मलेल्या. शाळेत दोघींच्या गळ्यात तोच लाल रुमाल होता, मार्शल टिटोच्या वाढदिवसाला दोघी तीच गाणी म्हणायच्या. मग देशाचे तुकडे झाले. क्रोएशिया संघात गेला त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेली.

"तू परत कधी जाणार?" ट्रायांकानं पहिल्याच दिवशी विचारलं. श्टिपच्या आज्या एकमेकींना आधी हेच विचारतात.

"मनात येईल तेव्हा," श्टेफित्सा म्हणाली.

ट्रायांकाला तिचा हेवा वाटला.

"तुम्ही पण याल गं एक दिवस," श्टेफित्सा म्हणाली. "पण फार आशा नको ठेवूस. आम्ही आत आलो आणि गावातली झाडून सगळी पोरं इकडं निघून आली. आमच्या गल्लीत आता मी आणि पाव विकणारा. तोही ऑस्ट्रियाला जायचं म्हणतोय."

"आमची तर आम्ही आत न येताच निघून गेली," ट्रायांका म्हणाली.

समोरून एक उंच जर्मन माणूस बाबागाडी ढकलत गेला. त्याच्या मागून अजून एक, छातीशी मूल बांधलेला. दोघंही कामाच्या दिवशी, भर दुपारी. ट्रायांकानं आधीही असे बाप पाहिले होते. ते बेकार असावेत असं तिनं धरलं होतं.

"बेकार कुठले?" श्टेफित्सा हसून म्हणाली. "बापांनापण रजा असते इथं. कायदाच आहे."

मेच्या एका रविवारी सगळे जेवायच्या टेबलाशी बसले असताना झागोर्कानं फोनवरून तोडगा सांगितला. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता.

"ट्रायांका येताना पोरीला घेऊन येऊ दे," ती म्हणाली. "उन्हाळाभर इकडं राहील. अंगण आहे, कोंबड्या आहेत, मी रादोविशहून येऊन-जाऊन असेन. सप्टेंबरला तुम्ही येऊन घेऊन जा. हाय काय नि नाय काय."

"तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे," दिने म्हणाला.

फ्रोसिना ताटातल्या बटाट्याचे तुकडे करत होती. ते आधीच पुरेसे बारीक झाले होते.

ट्रायांका चार वर्षांची असताना तिचे आईबाप असेच जर्मनीला गेले होते. तेव्हा युगोस्लाव्हियाचा लाल पासपोर्ट होता आणि जर्मनीला माणसं हवी होती, त्यामुळे तिथं हवं तितकं राहता यायचं, फक्त मूल न्यायची सोय नव्हती. एक-दोन वर्षांचाच प्रश्न आहे, म्हणाले होते. ट्रायांका आजीजवळ राहिली आणि आजीलाच आई म्हणायला लागली. दर उन्हाळ्यात एक बाई यायची. तिच्या अंगाला साबणाचा वास असायचा, ती बाहुली आणायची. एका उन्हाळ्यात सगळे अंगणात बसले असताना आजी म्हणाली, जा, आईला पाणी दे. ट्रायांका पाण्याचा पेला घेऊन आजीकडंच गेली. मग त्या बाईकडं बोट दाखवून म्हणाली, मावशीला पण देऊ का? सगळे हसले. ती बाईही हसली, आणि काही आणायचं असल्यासारखी घरात निघून गेली. आईबाप कायमचे परतले तेव्हा ट्रायांका चौदा वर्षांची होती. आईला तिनं पुढं मरेपर्यंत सांभाळलं, सगळं केलं. पण आईसमोर तिला कधी मोकळं बसता आलं नाही.

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता जेवणाच्या टेबलाशी सांगण्यासारखंही ते नव्हतं.

"पोर कुठंही जाणार नाही," ती म्हणाली.

"मग काय करणार?" फोनमधून झागोर्का म्हणाली. "मला तर तुमच्या कृपेनं बंदी आहे."

"माझ्यामुळे आहे. कबूल. पण म्हणून पोरीला आईपासून तोडायची नाही. दिने घरी राहील."



"कोण दिने?" झागोर्कानं विचारलं.

"तुमचाच. दुसरा कोण आहे आपल्याकडं?"

"मी?" दिने म्हणाला. काटा त्याच्या हातातच राहिला. "आई, माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. ती काय म्हणतील?"

"ती जर्मन आहेत. काही म्हणणार नाहीत. बागेत मी बघते ना रोज, बापांची रांग लागलेली असते." मग ती मुलीकडं वळली. "मिळते का गं याला रजा?"

"मिळते," फ्रोसिना बटाट्याकडं बघत म्हणाली. "पोर तीन वर्षांचं होईपर्यंत मिळते. पगार नाही मिळणार, पण माझ्यावर भागेल."

"मग आजवर बोलली का नाहीस? आम्ही दोघी म्हाताऱ्या बसमधून पाय सुजवत येतोय-जातोय!"

"बोलले होते एकदा. हा हसला. मग तुम्ही दोघींनी आपापसांत ठरवूनच टाकलं. मला कुणी विचारलंच नाही."

"माझा मुलगा घरात बसून लंगोट बदलणार?" झागोर्काचा चेहरा फोनच्या इतका जवळ आला की नुसतं नाक दिसायला लागलं. "आमच्या घराण्यात पुरुषानं कधी लंगोटाला हात लावला नाही. रादोविशमध्ये मी तोंड कुठं दाखवू?"

"रादोविशमध्ये सांगा, पाठ धरलीय म्हणून. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलंय."

"खोटं बोलू?"

"त्या दिवशी तर तुम्ही मला आजोबा बदलायला सांगत होता, विहीणबाई. पाठ त्याहून हलकी."

फ्रोसिना हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. दिने बायकोकडं बघत राहिला, आणि ती थट्टेनं हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं काटा खाली ठेवला.

"विचारून बघतो साहेबाला," तो म्हणाला.

"विचारायचं नाही," फ्रोसिना म्हणाली. "कळवायचं असतं."

उरलेल्या दिवसांत ट्रायांकानं जावयाला शिकवलं. कारखान्यात नव्या पोरींना कॉलर शिकवायची तसंच, स्वतः हात न लावता. तो डायपर उलटा लावायचा, ती बघत उभी राहायची. "काढ. पुन्हा." लापशी करपवली, "पुन्हा." याना रडायला लागली की ट्रायांकाचे हात आपोआप पुढं व्हायचे, मग ती ते एप्रनच्या खिशात घालायची. तो एकदा चिडला. "आई, तुम्ही केलंत तर दोन मिनिटांत होईल!"

"होईल की. पण मी जूनमध्ये गेल्यावर कोण करेल?"

निघायच्या आदल्या दिवशी याना पडली, ओठ फुटला. दोघं जवळच होते. पोरगी आधी आजीकडं आली. ट्रायांकानं तिला कडेवर घेतलं आणि तशीच दिनेच्या अंगावर दिली. याना अजून मोठ्यानं रडली, आजीकडं हात पसरून. ट्रायांका बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिली.

श्टिपला परतल्यावर तिला सगळ्यांनी विचारलं, मूल कोण सांभाळतंय? "बाप," ती म्हणायची आणि पुढं बोलायची नाही. झागोर्कानं रादोविशमध्ये पाठीचंच सांगितलं. लोक इतके हळहळले की एका बाईनं दिनेसाठी अस्वलाच्या चरबीचं मलम पाठवलं, आणि ते औग्सबर्गला कसं पोचवायचं हे विचारायला तिनं ट्रायांकाला फोन केला. त्या दिवशी दोघी खूप दिवसांनी नीट बोलल्या.

जुलैत टीव्हीवर पुन्हा एक तारीख सांगत होते. या वेळी दशकाच्या शेवटची. राज्यघटनेचं झालं तर. शेजाऱ्याचं समाधान झालं तर. ट्रायांकानं आवाज कमी केला आणि औग्सबर्गला फोन लावला. ही वेळ दिनेनं ठरवून दिली होती, जेवण झाल्यावर आणि झोपण्याआधी.

फोन त्यानं टेबलावर उभा केला. याना पडद्याजवळ आली, केस घामानं कपाळाला चिकटलेले. तिनं आजीला चप्पल दाखवली, मग दुसरी चप्पल दाखवली. तेवढ्यात कशावर तरी आपटली, किंचाळली, आणि वळून पडद्याबाहेर पळाली. टेबलाला धक्का लागून फोन उताणा झाला.

आता नुसतं छत दिसत होतं, पांढरं, कोपऱ्यात पाण्याचा एक जुना डाग. पडद्याबाहेरून कुठून तरी दिनेचा आवाज येत होता. "कुठं लागलं? दाखव. इथं? की इथं?" याना हुंदके देत काहीतरी सांगत होती, त्यातला एक शब्द 'बाबा' होता. मग दिने कुठलंतरी फुटबॉलचं गाणं, तेही बेसूर, हळू आवाजात म्हणायला लागला.

ट्रायांकाच्या लक्षात आलं, त्यांना आपण फोनवर आहोत हे आठवतसुद्धा नाहीये. तिनं बोटानं बंद करायचं बटण शोधलं. पण लगेच दाबलं नाही. खुर्ची ओढून ती त्या छताकडं बघत बसली, आतलं रडणं थांबेपर्यंत.